घरी बोर्ड गेमची संध्याकाळ: पहिला डाव सुरू होईपर्यंतच सगळं बिघडतं, म्हणून

मी पहिल्यांदा मित्रमंडळींना खेळायला बोलावलं तेव्हा सात जण आले आणि माझ्याकडे चौघांचा खेळ होता. नवाकोरा. खोक्यावरचं प्लास्टिक मी सगळ्यांसमोर कौतुकाने फाडलं, पुठ्ठ्यातून तुकडे सुटे करायला सगळ्यांना बसवलं आणि नियमांचं पुस्तक मोठ्याने वाचायला लागले. पाऊण तासाने दोघं गॅलरीत होते, एक जण वडापाव आणायला खाली उतरली होती आणि उरलेल्यांपैकी एकाने विचारलं, "पण जिंकायचं कसं?" ते पान अजून यायचं होतं.

हा लेख त्या पाऊण तासाबद्दल आहे. एकदा डाव रंगला की माणसं आपलं आपण बघून घेतात, पण बहुतेक बेत फसतो तो त्याच्या आधीच. पाच-सहा मित्र, एक दिवाणखाना आणि साडेतीन-चार तास एवढं गृहीत धरलं आहे.

१. आधी डोकी मोजा, मग खेळ काढा

बहुतेक जण उलटं करतात. आवडता खेळ ठरवतात, मग माणसं बोलावतात. खोक्यावर "३ ते ४" लिहिलेलं असतं ते सुचवणं नसतं, आत तेवढ्याच रंगांच्या सोंगट्या असतात. पाचव्याला "तू बँक सांभाळ" म्हणणं म्हणजे पाहुण्याला बोलावून हिशेबाला बसवणं.

सहज मिळणाऱ्या खेळांचा हिशेब असा:

- तिघं-चौघं: कॅटान (३ ते ४), अझुल किंवा स्प्लेंडर (दोन्ही २ ते ४).
- पाच जण: तिकीट टू राइड किंवा कार्कसॉन (दोन्ही २ ते ५).
- सहा-सात जण: जस्ट वन (३ ते ७) किंवा सिक्स निम्ट हा पत्त्यांचा खेळ (२ ते १०).
- आठ जण: चार-चारचे दोन संघ करून कोडनेम्स (सूचनेवरून शब्द ओळखायचा खेळ), नाहीतर सरळ दोन टेबलं.

कॅटानला पाच-सहा जणांसाठी वेगळं जोडखोकं मिळतं. ते मी दोनदा वापरलं, आता कपाटावर आहे. सहाव्याची पाळी येईपर्यंत पहिल्याला आपण काय ठरवलं होतं तेच आठवत नाही.

सात हा सगळ्यात अवघड आकडा. चार आणि तीन अशी दोन टेबलं करायची तर दोन्हीकडे नियम येणारं एकेक माणूस लागतं. तसं दुसरं माणूस नसेल तर सगळ्यांना एकत्र ठेवणारा हलका खेळच काढा.

सावधान: "त्यापेक्षा व्यापार खेळू या, सगळ्यांना येतो" असं कुणीतरी म्हणणारच. व्यापार काय किंवा मोनोपॉली काय, दिवाळं निघालेला माणूस खेळाबाहेर जातो आणि बाकीच्यांचं संपेपर्यंत भिंतीकडे बघत बसतो. शिवाय मोनोपॉली आपण चुकीची खेळतो म्हणून ती जास्तच लांबते. जागेवर पोचलेल्याने ती विकत घेतली नाही तर तिचा तिथेच लिलाव करायचा असतो, हा लिहिलेला नियम आहे. फुकट पार्किंगच्या चौकोनात दंडाचे पैसे साठवून देणं हे मात्र नियमांत कुठेच नाही. लिलाव गाळला आणि वरून फुकट पैसे वाटले की खेळ मध्यरात्रीपर्यंत चालणारच.

तपासा: आदल्या दिवशी दुपारी आकडा पक्का झाला का? एक माणूस गळलं तर कोणता खेळ आणि कुणी चुलतभावाला घेऊन आलं तर कोणता, हे दोन्ही ठरलेलं हवं.

२. संध्याकाळचा क्रम लावा

तीन टप्पे पुरतात. एक उघडा खेळ, एक मुख्य खेळ, आणि जेवणानंतर एक आरडाओरड्याचा.

*उघडा खेळ* म्हणजे उशिरा येणाऱ्याला मधूनच सामावून घेता येईल असा. कॅरम याला उत्तम. चौघं खेळतात, बाकीचे कडेला उभे राहून फुकटचे सल्ले देतात, नवा माणूस आला की पुढच्या बोर्डाला बसतो. बदाम सातही चालतं. डाव दहा मिनिटांत संपतो आणि नियम बहुतेक सगळ्यांना घरूनच आलेले असतात. कॅरम खेळणार असाल तर सुरू करण्यापूर्वी राणीचं एवढंच ठरवा: राणी घेतल्यावर लगेच कव्हर लागतं आणि नाही मिळालं तर राणी परत मध्यात. प्रत्येकाच्या गल्लीत यावर वेगवेगळं राज्य असतं आणि भांडण हमखास याच्यावरच होतं.

*मुख्य खेळ* एकच. खोक्यावर एक तास लिहिलं असेल आणि निम्मी मंडळी नवी असतील तर दीड तास धरा.

*जेवणानंतरचा खेळ* डोक्याला ताण न देणारा. इथे चूक ठरलेली असते: "आधी जेवून घेऊ, मग निवांत मोठा खेळ काढू." पावभाजी आणि ताकानंतर निवांत काही होत नसतं, लोक लोडाला टेकतात. मोठा खेळ भुकेच्या आधी.

माझं वेळापत्रक साधारण असं असतं. साडेसहाला कॅरम, सव्वासातला मुख्य खेळ, पावणेनऊला जेवण, साडेनऊला कोडनेम्स, साडेदहाला चपला. साडेसहाला सुरू करायचं असेल तर निरोप सहाचा द्या, आपल्याकडे हे वेगळं सांगायला नकोच. सोसायटीत राहत असाल तर दहानंतर खिडक्या लावून घ्या. कोडनेम्समध्ये हरलेला संघ जिंकलेल्यापेक्षा मोठ्याने ओरडतो.

३. दोन दिवस आधी: खोकं एकट्याने उघडा

याला अर्धा तास लागतो आणि हाच अर्धा तास सगळे वाचवायला बघतात.

पुठ्ठ्याचे तुकडे सुटे करा. प्रत्येक रंगाच्या सोंगट्या वेगळ्या झिपलॉक पिशवीत भरा, म्हणजे त्या दिवशी प्रत्येकाला फक्त एक पिशवी द्यायची. मोजून घ्या. तिकीट टू राइडमध्ये प्रत्येक रंगाचे रेल्वेचे ४५ डबे असतात. कॅटानमध्ये प्रत्येक रंगाची ५ गावं, ४ शहरं आणि १५ रस्ते. जुना खेळ असेल तर मोजणं जास्तच गरजेचं, कारण तुकडा हरवला आहे हे डाव अर्ध्यावर आल्यावरच कळतं. पावसाळ्यात खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. दमट हवेत पुठ्ठ्याचा बोर्ड पापडासारखा वाकतो आणि मग त्यावर काहीच सरळ उभं राहत नाही.

आता दोन माणसांच्या वतीने एकट्याने पंधरा मिनिटं खेळा. व्हिडिओ बघितला असला तरी खेळा. व्हिडिओ बघताना सगळं समजतं, शंका हातात पत्ते आल्यावरच येतात.

वर्षानुवर्षं खेळणारेही चुकतात अशा काही जागा:

*कॅटान*
- सुरुवातीला पहिलं गाव क्रमाने मांडायचं, दुसरं उलट्या क्रमाने. म्हणजे शेवटचा खेळाडू लागोपाठ दोन मांडतो. हे विसरलं तर शेवटच्याचा डाव सुरू होण्याआधीच हरलेला असतो.
- सुरुवातीचा माल फक्त दुसऱ्या गावाचा मिळतो.
- सात पडले की ज्यांच्या हातात आठ किंवा जास्त पत्ते आहेत त्यांनीच निम्मे टाकायचे. नऊ असतील तर चार.
- सौदा फक्त ज्याची पाळी आहे त्याच्याशी. बाकीच्यांनी आपापसात बाजार मांडायचा नाही.
- विकासाचा पत्ता विकत घेतला त्याच पाळीत वापरता येत नाही. अपवाद फक्त विजयगुणाच्या पत्त्याचा. त्याने १० गुण पुरे होत असतील तर तो तिथेच उघडा.

*तिकीट टू राइड*
- एका पाळीत एकच काम. पत्ते उचलून वर रस्ताही घेतला, असं होत नाही.
- उघड्या पाच पत्त्यांतलं इंजिन (कुठल्याही रंगाच्या जागी चालणारा पत्ता) घेतलं तर त्या पाळीत दुसरा पत्ता नाही. गड्डीतून न बघता उचललेलं इंजिन निघालं तर मात्र दुसरा उचलता येतो.
- दोघं-तिघं खेळत असाल तर जोडरस्त्यांपैकी (त्याच दोन गावांमधले शेजारी-शेजारी दोन रस्ते) एकच वापरात. एकाने एक घेतला की दुसरा बंद.

तपासा: पुस्तक मिटून स्वतःला तीन प्रश्न विचारा. डाव संपतो कधी? पाळी आली की काय काय करता येतं? गुण सारखे झाले तर? तिन्ही न अडखळता आले तर तुम्ही शिकवायला तयार आहात. एकावरही अडलात तर पुन्हा पंधरा मिनिटं.

४. जागा, उजेड आणि पंखा

जमिनीवर बसायचं की टेबलावर? सहा जणांचं टेबल असेल तर टेबल. नसेल तर सतरंजी किंवा जाड चादर अंथरा, नुसत्या फरशीवर मांडू नका. गुळगुळीत फरशीवरचा पत्ता नखानेही उचलला जात नाही आणि फासा थेट टीव्हीखाली जातो. पन्नाशीच्या पुढचं कुणी असेल किंवा कुणाचे गुडघे दुखत असतील तर न विचारता टेबलच मांडा. विचारलं की "चालेल हो खाली" असंच उत्तर येतं आणि तासाभराने त्यांना उठवायला दोघं लागतात.

बोर्ड मांडून बघा आणि प्रत्येकासमोर दोन वितींएवढी जागा उरते का ते पाहा. टेबलाच्या एका बाजूचे लोक नेहमी उलटं वाचतात. बोर्डावर मजकूर जास्त असेल तर तिथे जाणकारांना बसवा.

पंखा हा आपल्याकडचा खरा शत्रू. मे महिन्यात तो बंद ठेवता येत नाही आणि पाचवर ठेवला तर नोटा आणि पत्ते खोलीभर होतात. पंखा दोनवर ठेवा, टेबल फॅन असेल तर तो पायांच्या उंचीवर फिरवा, आणि कागदी नोटांच्या खेळात नोटांऐवजी कॅरमच्या जुन्या सोंगट्या किंवा मोठी बटणं वापरा. गड्ड्यांवर एखादी जड सोंगटी ठेवायची सवय लावा.

फासे टाकायला स्टीलच्या ताटलीत रुमाल अंथरा. बोर्डावर फासा टाकला की मांडलेली गावं उडतात, मग "माझं इथे होतं, नाही इथे होतं" सुरू होतं. ताटलीच्या बाहेर पडलेला फासा पुन्हा टाकायचा, हे आधीच सांगा.

जोडप्यांना शेजारी बसवू नका. एकमेकांचे पत्ते दिसतात, आणि दिसले नाहीत तरी बाकीच्यांना तसं वाटत राहतं.

५. खाणं: हाताला काय लागतं ते बघा

चवीचा विचार नंतर. खेळताना देण्याच्या पदार्थाला एकच कसोटी: तो खाऊन पांढरा पत्ता धरला तर डाग पडेल का? चिवडा, फरसाण, बटाट्याचे वेफर्स, भजी हे सगळे इथे नापास. फुटाणे, साधे मखाणे, खारे शेंगदाणे, सफरचंदाच्या फोडी चालतात. चिवड्याशिवाय कुणाचं पान हलत नसेल तर वाटीत चमचा घालून द्या.

चहा आणि पाणी टेबलावर नको. प्रत्येक दोघांमागे एक स्टूल किंवा पाट बाजूला ठेवा आणि कप तिथेच. मला हे पटायला एक पूर्ण कप आल्याचा चहा आणि कॅटानचे दोन षट्कोन लागले.

जेवणाला मिसळ, पावभाजी, बिर्याणी काहीही करा, पण तेव्हा बोर्ड झाकून ठेवा आणि हात साबणाने धुऊनच परत बसवा. कॅरमनंतरही हेच. बोरिक पावडरचे हात पत्त्यांना लागले की गड्डी पिसताना फुफाटा उडतो.

६. नियम सांगणं

अख्ख्या संध्याकाळीतला हाच अवघड भाग. तुम्हाला खेळ येतो म्हणून तो शिकवता येईलच असं नाही. पुस्तकात नियम ज्या क्रमाने छापलेले असतात तो क्रम संदर्भासाठी असतो. आधी सामान, मग मांडणी, मग अपवाद, आणि जिंकणं सगळ्यात शेवटी. ऐकणाऱ्याला नेमकं उलटं लागतं. काय मिळवायचं आहे हे कळल्याशिवाय बाकीचं काही डोक्यात राहत नाही.

क्रम असा ठेवा:

१. आपण कोण आहोत, एका वाक्यात.
२. जिंकतो कोण.
३. डाव कधी संपतो.
४. पाळी आली की काय करायचं.
५. एक पाळी प्रत्यक्ष खेळून दाखवायची.
६. बाकीचं वेळ येईल तेव्हा.

तिकीट टू राइडचं माझं सांगणं साधारण असं होतं:

"आपण सगळे रेल्वे टाकणारे. शेवटी ज्याचे गुण जास्त तो जिंकला. गुण मुख्यतः दोन ठिकाणांहून येतात. रूळ टाकले की लगेच, आणि हातातलं तिकीट पूर्ण झालं की शेवटी. तिकिटावर दोन गावं आहेत, ती स्वतःच्या डब्यांनी जोडायची. जोडली नाहीत तर तेवढे गुण वजा. कुणाकडे दोन किंवा कमी डबे उरले की सगळ्यांना एकेक शेवटची पाळी, मग संपलं. पाळी आली की तीनपैकी एकच: दोन पत्ते उचल, नाहीतर रस्ता घे, नाहीतर नवी तिकिटं उचल. बघा, माझ्याकडे चार लाल पत्ते आहेत. हा चार खणांचा लाल रस्ता. पत्ते टाकले, डबे ठेवले, सात गुण. झाली माझी पाळी. आता तिकिटं वाटते. तीनपैकी निदान दोन ठेवायची. चला."

एवढंच. बोलून बघा, दीड-दोन मिनिटांच्या वर जात नाही. सर्वांत लांब रस्त्याचे दहा गुण, जोडरस्ते, इंजिन कसं वापरायचं, हे पहिल्या फेरीत ज्याच्यासमोर येईल त्याला तिथेच सांगता येतं. फक्त एक पथ्य: शेवटी गुण देणारी कुठलीही गोष्ट डाव निम्मा होण्याआधी सांगून झालेली हवी. "अगं, लांब रस्त्याचे दहा असतात, सांगायचं राहिलं" हे गुण मोजताना सांगितलंत तर तुमचा विजय कुणी मानणार नाही, आणि योग्यच आहे ते.

यात होणाऱ्या चुका, माझ्या क्रमाने:

*पत्ते आधी वाटणं.* हातात पत्ते आले की माणूस ऐकत नाही, पत्ते लावत बसतो. आधी सांगणं, मग वाटणं.

*युक्त्या शिकवणं.* "सुरुवातीला लांबचं तिकीट ठेवू नका बरं का" हा नियम नाही, तुमचं मत आहे. ते ज्याने त्याने हरून शिकायचं. नवख्याचा निम्मा आनंद त्यातच असतो.

*दोघांनी मिळून सांगणं.* एक सांगतोय आणि दुसरा "पण त्याआधी ते सांग ना" म्हणतोय, हे सगळ्यात वाईट. ज्याला खेळ येतो त्या दुसऱ्या मित्राला आधीच बाजूला घेऊन सांगा, "तू गप्प बस, पहिल्या फेरीत तुझ्या शेजारच्याला मदत कर." काम दिलं की तो गप्प बसतो.

*"खेळता खेळता कळेल."* कळत नाही. तिसऱ्या फेरीत एखाद्याला समजतं की आपण मुळात चुकीचंच काहीतरी गोळा करत होतो, आणि मग त्याचं मन उडतं ते उडतंच.

तपासा: सांगून झाल्यावर "कळलं का?" विचारू नका, सगळे "हो" म्हणतात. सगळ्यात गप्प बसलेल्याला विचारा, "तुझी पाळी आली तर काय काय करता येईल?" त्याला सांगता आलं तर सुरू करा. पहिली फेरी उघड्या पत्त्यांनी, सरावाची ठेवली तर आणखी बरं. मात्र ती सरावाची आहे हे आधी सांगायचं, कुणी हरायला लागल्यावर नाही.

७. डाव चालू असताना यजमानाचं काम

तुमचं काम जिंकणं नाही. मुद्दाम हरू नका, तेही लगेच ओळखू येतं. पण निम्मं लक्ष लोकांकडे ठेवा.

खूप विचार करणारा एक जण प्रत्येक कंपूत असतो. त्याला "लवकर कर रे" म्हटल्याने तो आणखी गोंधळतो. त्यापेक्षा पुढच्याला हलकेच सांगा, "पुढची पाळी तुझी." पाळी येण्याआधी विचार सुरू होतो आणि डाव आपोआप वेग घेतो. तरीही अडलाच तर विचारा, "कशा-कशात अडकलायस?" मोठ्याने सांगताना त्याचं त्यालाच उत्तर मिळतं.

दुसरा त्रास मुकादमाचा. पँडेमिकसारख्या खेळात सगळे मिळून खेळाविरुद्ध खेळतात. तिथे एखादा जाणकार सगळ्यांच्या पाळ्या एकटाच खेळतो. "तू इथे जा, तू तो पत्ता टाक." बाकीचे तिघं त्याचे हात होतात. यावर लागू पडलेला एकच उपाय मला माहीत आहे: ज्याची पाळी त्याने आधी आपलं मत सांगायचं, मगच बाकीच्यांनी तोंड उघडायचं. तरीही ऐकत नसेल तर पुढच्या वेळी सहकाराचा खेळच काढू नका.

नियमावर वाद झाला तर पुस्तकात एक मिनिट शोधा. सापडला नाही तर यजमानाचा निकाल आजच्या रात्रीपुरता अंतिम, पुढचं उद्या बघू. मोबाइलवर उत्तर शोधायला गेलात तर शोधणाऱ्याला तीन निरोप दिसतात आणि तो परत येत नाही. आणि चूक लक्षात आली तर मागे जाऊन पाळ्या उलटवू नका. "इथून पुढे बरोबर खेळू" म्हणा, सगळ्यांना सारखाच फटका.

सावधान: डाव रेंगाळतोय आणि निम्म्यांचे चेहरे उतरलेत असं दिसलं तर सरळ थांबवा. "आणखी दोन फेऱ्या आणि गुण मोजू." दोन फेऱ्या सांगून थांबवणं वाईट दिसत नाही, अचानक गुंडाळणं दिसतं.

८. जेवणानंतर: मराठी कोडनेम्स

दुकानात मिळणारं कोडनेम्स इंग्रजी शब्दांचं असतं आणि रात्री साडेनऊला इंग्रजी शब्दांवर विचार करायचा कुणालाच उत्साह नसतो. मराठीत ते घरीच होतं, कागद आणि दोन रंगांची पेनं लागतात.

*तयारी.* पन्नास-साठ चिठ्ठ्यांवर एकेक शब्द लिहा. शब्द निवडतानाच खेळाची मजा ठरते. एकाच अर्थाचे शब्द (कपाट, टोमॅटो) थोडे घ्या, दोन-तीन अर्थांचे भरपूर. मराठीत ते पैशाला पासरी आहेत: पान, मान, वर, नाव, हार, डाव, अंक, पात्र, तार, कर, भाव, बोट, कळ, घाट, माळ, जोडा, चाळ, खार, दादर. पान झाडाचं, वहीचं, विड्याचं आणि पंगतीतलंही. डाव पत्त्यांचा आणि आमटी वाढायचाही. खार झाडावरची आणि पश्चिम रेल्वेवरचीही. काही शब्द पाहुण्यांकडूनच आल्याआल्या लिहून घ्या, वाट बघण्याचा वेळ त्यात जातो.

*मांडणी.* २५ चिठ्ठ्या पाच बाय पाच. त्यांचा नकाशा वेगळ्या कागदावर: सुरुवात करणाऱ्या संघाची ९ घरं, दुसऱ्याची ८, ७ कुणाचीच नाहीत आणि १ काळं. असे दहा नकाशे आधीच काढून ठेवा. दोन संघांचे म्होरके एका बाजूला बसतात आणि नकाशा फक्त त्यांना दिसतो. दुकानातला संच असेल तर त्यातले नकाशे वापरा, फक्त चिठ्ठ्या मराठी.

*खेळ.* म्होरक्याने एक शब्द आणि एक आकडा सांगायचा. "लग्न, ३" म्हणजे लग्नाशी नातं असलेले आपले तीन शब्द आहेत: वर, हार, पान. संघ एकेक चिठ्ठीवर बोट ठेवत जातो. आकड्यापेक्षा एक जास्त अंदाज करता येतो, चुकला की पाळी संपली. काळ्या घरावर बोट पडलं की तो संघ तिथेच हरला. आधी आपली सगळी घरं शोधेल तो संघ जिंकला.

मराठीत खेळताना काही गोष्टी आधी ठरवाव्या लागतात, नाहीतर वाद अटळ:

- समोर दिसणाऱ्या शब्दाचं कुठलंही रूप चालणार नाही. चिठ्ठीवर "खेळ" असेल तर खेळाडू, खेळणं, खेळात, सगळं बाद.
- सामासिक शब्द एक की दोन? आमचा नियम: मराठीत जोडून लिहितो तो एक. पाणीपुरी चालते, "गोड पाणी" नाही.
- बस, टेबल, स्टेशनसारखे रोजच्या तोंडातले शब्द मराठीच धरायचे.
- उच्चार सारखा पण अर्थ वेगळा असेल तर चालतो. सूचना अर्थावरून द्यायची, अक्षरांवरून किंवा यमकावरून नाही.

सावधान: म्होरक्याचा चेहरा. संघाचं बोट काळ्या घराकडे सरकलं की तो श्वास रोखतो, कपाळाला हात लावतो, "अरे देवा" पुटपुटतो. हे सगळं सांगितल्यासारखंच आहे. आमच्याकडे म्होरक्याला हातात उशी देतात, तोंडासमोर धरायला. अंदाज चालू असताना त्याने टेबलाकडेही बघू नये, कारण नजर बरोबर चिठ्ठीवर जातेच.

पहिल्याच सूचनेला चाराचा आकडा सांगायची हौस करू नका. दोन-दोनने पुढे जाणारा संघ बहुधा आधी पोचतो. मंडळींत एखादं माणूस मराठीत कच्चं असेल तर त्याला म्होरक्या करू नका, अंदाज करणाऱ्यांत ठेवा. अशी माणसं दोन-तीन असतील तर चित्रांचं कोडनेम्स मिळतं, ते काढा.

९. आवरणं

हे पाहुणे असतानाच करा. "राहू दे, मी आवरेन" म्हणालात की दुसऱ्या दिवशी एक सोंगटी कमी निघते. प्रत्येकाने आपला रंग आपल्या पिशवीत भरायचा आणि मोजून आकडा सांगायचा, दोन मिनिटांचं काम आहे. फासे शेवटी, कारण तेच खिशात जातात. पत्ते पिसून ठेवू नका, रंगवार लावून ठेवा, कमी असेल तर लगेच कळतं. कोडनेम्सच्या चिठ्ठ्यांतले आज आलेले पंचवीस वेगळ्या पाकिटात टाका, नाहीतर पुढच्या वेळी तेच शब्द परत येतात आणि लोकांना सूचनाही पाठ असतात.

खोक्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवा: कोण किती जण होते, किती वेळ लागला, कुठला नियम विसरला होता. पुढच्या वेळी पुस्तक उघडण्याआधी ते वाचायचं.

आणि सकाळी झाडू फिरण्याआधी सोफ्याखाली मोबाइलची बॅटरी मारा. आमच्या कॅटानमधला एक निळा रस्ता केरात गेल्यापासून त्या जागी आगपेटीची काडी आहे.